वकीलसाहेबांचं शुद्ध मराठी

दोन हजार तेवीस साल. मी पंचाहत्तर वर्षांचा होतो, आणि उत्तर कॅरोलिनातल्या कॅरी गावात एका गॅरेजमध्ये खुर्ची टाकून इंग्रजी सिनेमा बघत होतो. मला इंग्रजी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी मागून हसायला नको. मी चौथी शिकलोय. चौथी पास. त्यानंतर फलटणला पिठाची गिरणी चालवली, त्या गिरणीवर मुलाला इंजिनिअर केलं, आणि त्या मुलाने मला इथे आणलं. थोडं तरी इंग्रजी शिका म्हणून सून मागे लागली होती. मी म्हटलं, मला कोणाशी बोलायचंय? ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने मराठी शिकावं.

तर सिनेमा. काळा-पांढरा, फार जुना. त्यातली बाई आधी लॉन्ड्रीत इस्त्री करायची. बँकेचा कोणी बडा माणूस तिथे शर्ट न्यायला आला, दोघं हसली, आणि पुढच्या चित्रात ती बाई उंच इमारतीतल्या मोठ्या घरात. अंगात मऊ केसाळ कोट.

पडद्याशेजारी एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. पायजमा, त्यावर काळा कोट, कोटाची बटणं उघडी. हातात नातवाची सेल्फी स्टिक. तिचं टोक बाईवर ठेवून तो म्हणाला, "ही कन्या अत्यंत सुशील आहे. हे गृहस्थ तिचे मामा. भाचीच्या शिक्षणासाठी त्यांनी तिला आपल्या घरी आश्रय दिलेला आहे."

मामांनी भाचीला जवळ ओढलं.

"अमेरिकेत," म्हातारा तितक्याच शांतपणे म्हणाला, "मातुलप्रेम अशा प्रकारे व्यक्त करण्याची रीत आहे."

माझ्या शेजारी पुण्याच्या मावशी बसल्या होत्या. त्यांचं तोंड म्हणजे सुरी. "इतका वेळ?" त्या म्हणाल्या.

"मामा पुष्कळ दिवसांनी भेटले आहेत."

गॅरेजमध्ये कोणी हसलं नाही. मीही नाही. मी म्हटलं, असेल मामा. लोक परक्या देशाचे, आपण कशाला शंका घ्या?

त्यांना मी वकीलसाहेब म्हणायचो. ते वकील नव्हते. "मी वकील नाही हो गिरणीवाले, मी दुभाषी होतो," असं ते दर खेपेला सांगायचे. विदर्भातल्या कोर्टात जन्म गेला त्यांचा. साहेबलोक इंग्रजीत बोलले की समोर उभ्या असलेल्या माणसाला ते मराठीत सांगायचं, आणि त्याचं मराठी साहेबांना इंग्रजीत. दुभाषी म्हणायला माझी जीभ वळत नव्हती असं नाही. पण मी एकदा एखाद्याला नाव ठेवलं की ठेवलं.

गॅरेज त्यांच्या थोरल्या मुलीचं. शनिवारी दुपारी ती गाडी बाहेर काढायची, जावई भिंतीवर पांढरी चादर ताणून समोर छोटं यंत्र लावून द्यायचा, आणि मुलांकडे येऊन राहिलेली आम्ही म्हातारी माणसं जमायचो. ज्याला गाडी चालवता येत नाही तो इथे घरात ठेवलेल्या कपाटासारखा. कोणी हलवलं तर हलायचं. शनिवारची आम्ही वाट बघायचो ते सिनेमासाठी कमी आणि घराबाहेर पडायला जास्त.

जुने सिनेमे लावायचं वकीलसाहेबांनीच ठरवलं. त्यांचा विचार असा, की आपल्याकडचे जुने सिनेमे कसे? देवादिकांचे, संतांचे. सासू-सुनेने शेजारी बसून बघावेत. मग अमेरिकेचेही तसेच असणार. जितका जुना तितका सोज्ज्वळ. म्हणून त्यांनी शोधून शोधून सिनेमे नुकते बोलायला लागले त्या काळातले काढले, आणि व्हॉट्सॲपवर सगळ्यांना कळवलं की शनिवारी सोज्ज्वळ कौटुंबिक चित्रपट, चहासह.

तिथेच फसले. पुढे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि मला सांगितलं. त्या वेळी इथल्या सिनेमावाल्यांना नियम होते म्हणे, पण ते कोणी मनावर घेत नव्हतं. देशात दारूबंदी आणि पडद्यावर प्याले. लग्नाशिवाय संसार. नाव वाईट झालेल्या बाईचं शेवटी वाईटच झालं पाहिजे असंही काही नाही. थोड्याच वर्षांनी नियम कडक झाले, मग पडद्यावरची नवरा-बायकोसुद्धा वेगळ्या पलंगांवर झोपायला लागली. वकीलसाहेबांनी दहा वर्षं अलीकडचे सिनेमे निवडले असते, तर त्यांना एक शब्द खोटा बोलावा लागला नसता.

पण एकदा बोलले, आणि मग सवयच लागली.

त्या इस्त्रीवाल्या बाईचा सिनेमा पुढे फार वाईट वळणाला गेला. मामी आली. केवढी धिप्पाड. आल्या आल्या तिने भाचीच्या थोबाडीत ठेवून दिली.

"मामींची इच्छा आहे, की मुलीने अभ्यासात अधिक लक्ष घालावे."

"भाची कितवीत आहे?" पुण्याच्या मावशींनी विचारलं.

"पदवीच्या अखेरच्या वर्षास."

मग बँक बुडाली. मामांच्या मागे पोलिस लागले, मामा बॅग भरून पळाले, बाई त्या उंच घरात एकटी राहिली. केसाळ कोट घातला तिने. खिडकीशी गेली, काच वर सरकवली आणि खाली बघायला लागली. खाली मोटारी मुंगीएवढ्या दिसत होत्या.

वकीलसाहेबांची काठी हवेतच थांबली. पुढच्या क्षणी त्यांनी हात घालून यंत्र बंद केलं. चादर पांढरी झाली.

"आणि अशा रीतीने ती कन्या सुखरूप माहेरी परतली. समाप्त. चहा घ्या."

आम्ही चहा घेतला. पण मला चहा गोड लागला नाही. ती बाई खिडकीत उभी होती, ती माहेरी कशी गेली?

दुसऱ्या दिवशी मी नातीला तो सिनेमा टीव्हीवर लावायला सांगितलं. नात इथेच जन्मलेली. मराठी कळतं, बोलते अर्धं अर्धं. मी तिला मामा-भाचीची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

"आजोबा, तो मामा नाहीये! ही इज लाइक... शुगर डॅडी!"

"साखरेचा बाप?"

"ओ माय गॉड, आजोबा!"

मग तिने जमेल तसं समजावून सांगितलं, की ती पैसेवाल्याने ठेवलेली बाई आहे, कान लाल करून. माझे झाले नाहीत. मी गिरणीवाला आहे, माझ्याकडे सगळ्या घरांचं दळण यायचं. असली बाई जगात असते हे मला कोणी अमेरिकेत शिकवायला नको. मला राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. भर गॅरेजात मला भाबडा समजून गोष्ट फिरवली. नातीला मैत्रिणीचा फोन आला, ती उठून गेली आणि सिनेमा तसाच राहिला, त्या खिडकीच्या अलीकडे. पुढचं लावून दे असं तिला म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

वकीलसाहेबांनाही विचारलं नाही. मी विचारणार नाही. ज्याने खोटं सांगितलं त्याने आपण होऊन खरं सांगावं. पण पुढच्या शनिवारपासून मी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि त्यांच्याकडे बघायला लागलो. बघायला म्हणजे, ऐकायला. गिरणीत बसून बसून माझे कान तसे बिघडलेत, पण दाणा संपत आला की गिरणीचा सूर बदलतो, तो मला झोपेतही कळायचा. तसाच वकीलसाहेबांचा सूर बदलायचा. आणि एकदा तो मला सापडला तो सापडलाच.

ते नागपूरकडचे. खरं बोलायचे तेव्हा नागपुरी बोलायचे. "हा माणूस हॉटेलात जाऊन राहिला. वेटरला काहीतरी ऑर्डर देऊन राहिला. काय ते, लॉब्स्टर. आपल्याकडे काय म्हणतात मला नाही माहीत बावा." अडखळत, इंग्रजी शब्द तसेच ठेवून, 'करून राहिला, बसून राहिला' करत. आणि पडद्यावर काही भलतंच सुरू झालं की त्यांचं मराठी एकदम धुवून इस्त्री केल्यासारखं बाहेर यायचं. 'कन्या', 'गृहस्थ', 'आश्रय', 'अशा रीतीने'. एक शब्द इंग्रजी नाही, एक अडखळणं नाही. माणूस खोटं बोलताना अडखळतो असं मी जन्मभर समजत होतो. यांचं उलटं. खोटं त्यांना तोंडपाठ असायचं.

मी कोणाला सांगितलं नाही. एकट्याची गंमत होती ती. शनिवारी मी आता दोन सिनेमे बघायचो, एक त्यांचा आणि एक माझा. ते शुद्ध बोलायला लागले की मी मनात म्हणायचो, हां, आता पडद्यावर काहीतरी बरं चाललंय.

घरीही ते तसेच. एकदा जावयाचे आई-वडील नाशिकहून आले होते. त्यांनाही इंग्रजी बेताचं. एका दुपारी मुलगी आणि जावई स्वयंपाकघरात इंग्रजीतून भांडायला लागले, की हे लोक कधी जाणार आणि तिकिटं कोण बदलणार, हे मला मागाहून कळलं. मी तिथेच बसलो होतो. व्याही बिचारे घाबरून म्हणाले, "काय झालं हो?" वकीलसाहेबांनी कोटाची कॉलर नीट केली. "ते उभयता म्हणत आहेत, की आपण इतक्यात जाण्याचा विचारही मनात आणू नये. आपल्या वास्तव्याने घराला शोभा आली आहे." व्याह्यांचे डोळे भरले. ते आणखी पंधरवडाभर राहिले. मुलगी बापाशी दोन दिवस बोलली नाही. पण जाताना ती व्याहीणबाईंच्या गळ्यात पडून रडली, हेही मी बघितलंय.

हा माणूस असं का करतो, ते मला एकदा तळ्याभोवती फिरताना कळलं. आमच्या घरांच्या मागे एक तळं आहे, त्याला फेरी मारायला आम्ही रोज सकाळी जायचो. मी सहज म्हटलं, "कोर्टात काय हो, तिथेही असंच रंगवून सांगत होता का?"

ते थांबले. उघडा कोट त्यांनी बंद केला, सगळी बटणं लावली.

"कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे नाही केला मी. कधीच नाही. साहेब बोलले तेच बोललो. पण गिरणीवाले, गंमत अशी, साहेब इंग्रजीत बोलायचे ते कोणालाच समजत नव्हतं. ऐकू यायचो तो मी. एका पोराला मोठी शिक्षा झाली. साहेबांनी वाचली, मी मराठीत सांगितली. त्या पोराची म्हातारी माय साहेबांकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहून राहिली होती. म्हणाली, 'तू काहून असा बोलला रे बाप्पा?'" थोडं चालले. "मी काय सांगू तिला? मी नाही बोललो म्हणू? माझ्याच तोंडातून निघालं ना."

हे सगळं ते नागपुरीत बोलले. म्हणून मला समजलं की खरं आहे.

"तेव्हाच ठरवलं," ते म्हणाले, "रिटायर झालो की कोणाचं वाईट माझ्या तोंडून नाही जाणार. बस झालं."

वसंतात इथे पाइनच्या झाडांचं पिवळं पीठ उडतं. गाड्यांवर, पायऱ्यांवर, सगळीकडे बेसन दळून सांडल्यासारखं. मला ते आवडतं. माझ्या जुन्या दुकानात आल्यासारखं वाटतं. त्याच दिवसांत माझी तपासणी झाली. लघवीचा त्रास होता, रक्ताच्या तपासणीत आकडा चढलेला निघाला, मग आतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. प्रोस्टेट म्हणतात त्या जागेला. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मुलगा म्हणायचा, "काही नसतं हो बाबा, रुटीन आहे." सून म्हणायची, "रुटीन आहे बाबा." माझा थोरला भाऊ याच जागच्या आजाराने गेला. त्यालाही सगळे काही नाही, काही नाही म्हणत होते. शेवटपर्यंत म्हणत होते. सगळ्या गावाला माहीत होतं आणि एकट्या त्याला नव्हतं. मला ते नको होतं. जे काय असेल ते मला पहिल्यांदा कळलं पाहिजे, आणि खरं कळलं पाहिजे.

निकाल सांगायला डॉक्टरने बोलावलं तेव्हा मुलगा नेमका कामासाठी लांब कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला गेलेला. तो म्हणाला, मीटिंग कॅन्सल करतो, येतो. मी म्हटलं, यायचं नाही. सून म्हणाली, "मी येते ना आत." मी म्हटलं, "असल्या जागेचं बोलणं सुनेसमोर? गाडी चालव आणि बाहेर बस."

"मग तुम्हाला सांगणार कोण?"

"वकीलसाहेब."

सून माझ्याकडे बघतच राहिली. गॅरेजातल्या गोष्टी तिच्याही कानावर आल्या होत्या. "बाबा, ते काका काहीही सांगतात! कॅन्सरला सर्दी म्हणून सांगतील!"

"म्हणूनच," मी म्हटलं. पुढचं तिला सांगितलं नाही. मुलगा खोटं बोलला तर मला कळत नाही, तो माझाच मुलगा आहे, चेहरा दगडाचा करतो. सून बोलली तर कळत नाही. आख्ख्या अमेरिकेत ज्याचं खोटं मला ओळखता येतं असा एकच माणूस होता.

वकीलसाहेबांना विचारलं तेव्हा ते मागे सरले. एरवी बोलायला पुढे. मग म्हणाले, "मी काहून? मशीन असते तिथे, त्यावर बाई येते हिंदी बोलणारी."

"मला डब्यातली बाई नको."

"वाईट असलं तर?"

"तर ते बोलायचं."

ते 'पाहू' म्हणून घरात गेले. त्या दिवशी मात्र वेळेआधी येऊन गाडीजवळ उभे होते, काळा कोट घालून, पायजम्याऐवजी पँट. गाडीत सून पुढे, आम्ही दोघं मागे. काचेवर पिवळं पीठ बसत होतं आणि सून पाणी मारून पुसत होती.

दवाखान्यात नर्सने ती बाईची मशीन ढकलत आणलीच. मी हात हलवला. मशीन नको असं लिहून घेणारा एक कागद तिने पुढे केला, त्यावर मी सही केली. मराठीत. नर्स सहीकडे बघत राहिली, बघू दे.

डॉक्टर आली ती एक पोरगी. माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. आता हिच्यासमोर काय बोलायचं? मी छताकडे बघायला लागलो. तिने हसून दोन वाक्यं सांगितली.

वकीलसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डॉक्टरबाईंना आपल्या भेटीने अत्यंत आनंद झाला आहे. आपल्या मुखावर तेज असल्याचे त्यांनी नमूद केले आहे."

शुद्ध. एकदम शुद्ध. म्हणजे सुरुवातीलाच मामा-भाची. माझ्या भावाचं अंथरूण डोळ्यांपुढे आलं. मी खुर्चीची कड धरून बसलो आणि मनात म्हटलं, झालं. हे आता मला सुखरूप माहेरी पाठवणार.

डॉक्टरने संगणकाचं तोंड आमच्याकडे वळवलं, पडद्यावर बोट ठेवलं आणि बोलायला लागली. बरंच बोलली. मध्ये थांबून वकीलसाहेबांकडे बघितलं. त्यांनी काहीतरी विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, हळू. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यांचे हात कोटाकडे गेले आणि त्यांनी बटणं लावायला घेतली. एक लागलं, दुसरं लागेना.

"बोला," मी म्हटलं.

"ते... म्हणजे असं आहे, की गाठ आहे."

"ते मला माहीत आहे. पुढे."

"मोठी झालेली आहे. वयाने होते म्हणून राहिली ती. पण ते... बिनाइन. बिनाइन म्हणजे... काय म्हणतात बावा त्याला... मराठीत शब्द..." कपाळावर घाम आला होता त्यांच्या. "म्हणजे ती काही करून नाही राहिली. नुसती बसून राहिली आहे. पसरून नाही राहिली. गोळी देते म्हणे, लघवीची. पुन्हा रक्त पाहू म्हणते. बस."

मी त्यांच्याकडे बघत होतो. खोलीत कुठलंसं यंत्र बारीक आवाज करत होतं.

"हेच शुद्ध मराठीत सांगा," मी म्हटलं.

"काय?"

"शुद्ध. गॅरेजात बोलता तसं."

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. डॉक्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती.

"येऊन नाही राहिलं," ते म्हणाले. आणि मग एकदम ओरडले, "अबे गिरणीवाल्या, कॅन्सर नाही आहे ना बे! काहून परीक्षा घेऊन राहिला माझी!"

आजवर त्यांनी मला 'बे' म्हटलं नव्हतं. फलटणला मला कोणी अरे-तुरे केलं असतं तर मी त्याचं दळण परत पाठवलं असतं. त्या दिवशी ते 'बे' ऐकलं आणि माझ्या छातीवरचं ओझं कोणी उचलून नेल्यासारखं झालं. मी हसायला लागलो. हसताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते थांबत नव्हतं. वकीलसाहेब खाली बसले, मीच त्यांचं राहिलेलं बटण लावून दिलं. डॉक्टर पोरीने आमच्या दोघांसमोर टिश्यूचा डबा सरकवला. तिला वाटलं असेल, म्हाताऱ्यांना काहीतरी चुकीचं समजलं. ती पुन्हा सांगायला लागली. मी तिला हाताने थांबवलं आणि माझ्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं. "ओके," मी म्हटलं. "ओके, ओके."

बाहेर सून उभी राहिली. माझा चेहरा बघून तिला कळेना. मी तिला म्हटलं, "बसून राहिली आहे नुसती. चल, भूक लागलीय." ती तिथेच खुर्चीत बसून रडली. मग कळलं, तीही किती दिवस दगडाचा चेहरा करून हिंडत होती.

परत येताना गाडीत मी विचारलं, "ते तेज-बिज काय होतं सुरुवातीला?"

वकीलसाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती फक्त गुड मॉर्निंग म्हणाली होती. मीच घाबरलो होतो ना."

आता ते इथे नाहीत. धाकट्या मुलीकडे असतात, तिकडे वर, ॲन आर्बरला. फोन करतात. परवा म्हणाले, "येथील हवामान आल्हाददायक असून शीतल वारे वाहत आहेत." म्हणजे चांगलीच कडाक्याची थंडी पडलेली असणार. मी त्यांना कानटोपी घाला म्हणून दटावलं. कसं ओळखलं, म्हणून त्यांना अजून नवल वाटतं. मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, सांगितलं तर सुधारतील.

पण त्या दिवसाचं सांगत होतो. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, दाढी केली, स्वच्छ सदरा घातला, पायऱ्यांवरच्या पिवळ्या पिठातून पावलं उमटवत वकीलसाहेबांच्या घरी गेलो आणि बेल दाबली.

ते दात घासत बाहेर आले. "काय झालं? दुखून राहिलं का?"

"त्या बाईचं काय झालं?" मी म्हटलं.

"कोणत्या बाईचं?"

"खिडकीतल्या. इस्त्रीवाल्या. तिने उडी मारली का?"

त्यांनी ब्रश तोंडातून काढला. "मामा नव्हता तो," ते म्हणाले.

"ते मला कधीचं माहीत आहे. उडी मारली का ते सांगा."

"मला काय माहीत? मी पाहिलाच नाही पुढे. घाबरलो ना. तिने काही केलं असतं तर मला सांगावं लागलं असतं."

आम्ही दोघं गॅरेजात गेलो. गाडी बाहेरच होती. शटर खाली ओढलं, त्यांनी यंत्र लावलं, पुढे पळवत पळवत खिडकीपाशी आणलं. मी त्यांची सेल्फी स्टिक माझ्या मांडीवर घेऊन बसलो, म्हणजे त्यांना मध्ये बोलता येऊ नये. बाई खिडकीत उभी होती. खाली मोटारी मुंगीएवढ्या. तिने खाली बघितलं. मग अंगातला केसाळ कोट काढला आणि खिडकीबाहेर सोडून दिला. कोट हात पसरल्यासारखा खाली खाली गेला आणि रस्त्यावर पडला. एका गाडीवाल्याने उतरून तो उचलला. वकीलसाहेबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

पुढे लॉन्ड्री. तीच जुनी, वाफ भरलेली. बाई बाह्या वर करून उभी, गरम इस्त्री शर्टावर पुढे-मागे. कोणी तिला हाकललं नाही, कोणी मारलं नाही. गाणं गुणगुणत होती.

वकीलसाहेबांना राहवलं नाही. ते उठून पडद्याशेजारी गेले, आणि हातात काठी नाही म्हणून टूथब्रशच त्या बाईकडे केला.

"इस्त्री करून राहिली," ते म्हणाले.

"दिसून राहिलंय," मी म्हटलं.